अल्टिमेट अलायन्स ३ चौघांनी खेळताना: तयारीपासून बॉस पाडेपर्यंत

चौघं एका सोफ्यावर बसलेत, चौघांच्या हातात कंट्रोलर आहे, समोर एकच खलनायक आहे, आणि तरी पाच मिनिटांत चारही हिरो आडवे. ठाण्यात आमच्या सोसायटीत आणि ऐरोली-खारघरच्या नातेवाइकांकडे मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहून काढणं भाग आहे. ‘मार्व्हल अल्टिमेट अलायन्स ३: द ब्लॅक ऑर्डर’ हा फक्त निंटेंडो स्विच या कन्सोलवर चालणारा गेम घरच्यांनी मिळून खेळायला फार चांगला आहे. पण प्रत्येक जण आपापलं घोडं पुढे दामटतो आणि मग दोष जातो लहान मुलांच्या नाहीतर आईच्या ‘हळू हातां’वर. हात हळू असले तरी चालतं. चुकतो तो क्रम.

रविवारी आमच्याकडे ऐरोलीहून ताई आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा येतो, खारघरहून मावसभाऊ येतो, चौथा मी. पुढे दिलेला क्रम याच चौघांत चुकत-सुधारत बसलेला आहे. तुमच्याकडे तिघंच असतील तरी चालेल, चौथा हिरो कॉम्प्युटर चालवतो.

टप्पा १: कंट्रोलरची तयारी आदल्या दिवशी

स्विचच्या खोक्यात जॉय-कॉनची, म्हणजे कन्सोलपासून सुटणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, एक जोडी येते. जॉय-कॉन आडवा धरला की एकेक जण एकेक वापरू शकतो, म्हणजे एका जोडीत दोघं. चौघांना दुसरी जोडी लागते किंवा दोन वेगळे कंट्रोलर लागतात. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो चार्जिंगमध्ये.

कन्सोलला एका वेळी एकच जोडी लावता येते, आणि रिकामी जोडी पूर्ण भरायला सुमारे साडेतीन तास लागतात. दोन जोड्या म्हणजे सात तास. पाहुणे अकराला येणार आणि तुम्ही साडेदहाला दुसरी जोडी लावली, तर दुपारी ऐन लढाईत एकाचा कंट्रोलर मान टाकणार. आदल्या दिवशी दुपारी पहिली जोडी लावा, रात्री जेवणानंतर दुसरी. पूर्ण भरलेला जॉय-कॉन साधारण वीस तास चालतो, त्यामुळे दिवसभराची काळजी मिटते.

सावधान: खोक्यात जी काळी पकड येते, जिच्यात दोन्ही जॉय-कॉन बसवून एक मोठा कंट्रोलर करता येतो, ती चार्ज करत नाही. रात्रभर त्यात ठेवून सकाळी निराश झालेली तीन घरं मला माहीत आहेत. जॉय-कॉन कन्सोललाच लावायचे आणि कन्सोल डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) किंवा चार्जरवर हवा.

मनगटाच्या पट्टीकडेही लक्ष द्या. पट्टीवर अधिक किंवा उणे असं चिन्ह असतं आणि तेच चिन्ह जॉय-कॉनवरही असतं. अधिकची पट्टी अधिकच्या जॉय-कॉनवर, उणेची उणेवर. भाच्याने एकदा घाईत उलटी सरकवली ती अडकूनच बसली. कुलूप सोडून हळूहळू हलवत काढायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ तो रडवेला होऊन बाजूला उभा होता. पट्टी लावायचं काम मोठ्यांनी करावं. लावायची मात्र नक्की, कारण तिच्यामुळे एसएल आणि एसआर ही बारीक बटणं नीट दाबली जातात.

आता नोंदणी. होम स्क्रीनवर कंट्रोलर्समध्ये जा, पकड आणि क्रम बदलायचा पर्याय उघडा. आडवा धरणाऱ्याने एसएल आणि एसआर एकत्र दाबायचं, जोडी किंवा मोठा कंट्रोलर धरणाऱ्याने एल आणि आर. ज्या क्रमाने दाबाल तो खेळाडूंचा क्रम ठरतो. सोफ्यावर डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने बसलात त्याच क्रमाने दाबा. पडद्यावर आपला हिरो शोधताना याचा खरंच उपयोग होतो.

तपासा: प्रत्येक कंट्रोलरवरचे हिरवे दिवे मोजा. पहिल्या खेळाडूचा एक, दुसऱ्याचे दोन, असे. मग सगळ्यांनी स्टिकवरचा अंगठा उचलायचा. पडद्यावरची निवड आपोआप एका बाजूला सरकत असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरखाली स्टिक कॅलिब्रेट करून घ्या. हे गेम सुरू व्हायच्या आधी करायचं.

टप्पा २: टीव्ही, वीज, हात

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. नसेल तर चित्र सुंदर करणारे सगळे पर्याय बंद करा. बटण दाबल्यापासून हिरो हलेपर्यंतचा उशीर यानेच कमी होतो. हल्ला चुकवणं हे सगळं वेळेवर अवलंबून आहे, आणि टीव्ही मागे पडत असेल तर कितीही सराव करून उपयोग नाही. स्विच लाइट हे छोटं मॉडेल टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलरही सुटत नाहीत. तुमच्याकडे स्विच लाइट असेल तर थेट टप्पा ९ वाचा.

आपल्याकडे बरेच स्विच बाहेरून आणलेले असतात, पात्या-पात्यांच्या पिनचे. अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे फक्त पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो. तो घट्ट बसतो का ते बघा. ढिल्या कन्व्हर्टरवर आठ जणांचे पाय फिरले की डॉकची वीज जातेच. पावसाळ्यात खरोखरच लाइट गेली तर घाबरू नका, कन्सोलला स्वतःची बॅटरी आहे. डॉकमधून अलगद उचला, खेळ कन्सोलच्या पडद्यावर पुढे चालू राहील.

खाणं खेळाआधी उरकायचं किंवा मध्यंतरात. मिसळीचा कट किंवा वड्याचं तेल लागलेल्या अंगठ्याखाली स्टिक सटकते आणि ते तेल आत शिरतं. आमच्याकडे बेसिनवर हात धुतल्याशिवाय कंट्रोलर हातात देत नाहीत, मग तो मावसभाऊ असो की शेजारचे काका.

टप्पा ३: आधी काम वाटा, मग हिरो

नव्वद टक्के गडबड इथेच होते. हिरो निवडीचा पडदा उघडला की चौघंही आवडत्या चेहऱ्यावर झडप घालतात. भाच्याला स्पायडरमॅन, मावसभावाला वुल्व्हरिन, तिसऱ्याला ब्लॅक पँथर. तिघंही जवळ जाऊन मारणारे, आणि बॉसने, म्हणजे मोठ्या खलनायकाने, जमिनीवर एक मोठा फटका दिला की तिघंही एकदम उडाले.

ठाण्यात दहीहंडी पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. थर चढायच्या आधी खांदा कोण देणार, मधे कोण, वर कोण हे ठरलेलं असतं. इथेही तसंच.

पहिलं काम अडवणाऱ्याचं. अंगावर मार घेईल, बॉसचं लक्ष स्वतःकडे ठेवील असा हिरो. हल्क, ल्यूक केज, कॅप्टन अमेरिका. हे काम शांत डोक्याच्या माणसाला द्या. आमच्याकडे ताई घेते.

दुसरं लांबून मारणाऱ्याचं. आयर्न मॅन, स्टॉर्म, स्कार्लेट विच, डॉक्टर स्ट्रेंज, कॅप्टन मार्व्हल. ज्याचे हात खरंच हळू आहेत त्याला हे द्या, कारण अंतर राखलं की विचार करायला वेळ मिळतो. नवशिक्याला ‘सोपा’ म्हणून हल्क देणं ही मला सर्रास दिसणारी चूक आहे. हल्क बॉसच्या अगदी समोर उभा असतो, आणि तिथे कधी चुकवायचं ते न कळणारा माणूस आधी पडतो.

तिसरं काम चपळ हिरोचं. कडेच्या छोट्या शत्रूंना साफ करणारा, गर्दीतून निसटणारा. स्पायडरमॅन, माइल्स, स्पायडर-ग्वेन, नाइटक्रॉलर. हे मुलांना आवडतं आणि जमतंही.

चौथं काम उठवणाऱ्याचं, आणि हेच बहुतेक टीममध्ये कोणालाच दिलेलं नसतं. पडलेल्या साथीदाराजवळ जाऊन बटण दाबून धरावं लागतं. तेवढा वेळ उठवणारा स्वतः उघडा पडतो. आधी ठरलेलं नसेल तर एक जण पडला की तिघंही धावतात आणि एकाच फटक्यात तिघंही जातात. एकाने उठवायचं, बाकी दोघांनी बॉसला दुसरीकडे खेचायचं. चौथ्याचा हिरो कुठलाही चालेल, फक्त हे काम त्याचं आहे हे त्याला माहीत हवं.

गेमची सुरुवात गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीने होते: स्टार-लॉर्ड, गमोरा, ड्रॅक्स, आणि एकच हिरो म्हणून धरलेले रॉकेट व ग्रूट. त्या पहिल्या भागात हिरो निवडायला फारसा वाव नसतो, म्हणून तो कामं ठरवायच्या सरावासाठी वापरा. ड्रॅक्स पुढे, स्टार-लॉर्ड लांब, असं.

तपासा: लढाईआधी प्रत्येकाने आपलं काम एका वाक्यात मोठ्याने सांगायचं. ‘मी अडवणार.’ ‘मी लांबून.’ मुलांना हे फार आवडतं आणि ती विसरत नाहीत.

टप्पा ४: चौथा हिरो टीम बोनस बघून

एकाच गटातले हिरो एकत्र आणले की टीम बोनस मिळतो. दोघं असले की थोडा, जास्त असले की वाढत जातो. हा बोनस गेममधल्या सहा गुणांवर जातो: स्ट्रेंग्थ, ड्युरेबिलिटी, मास्टरी, रेझिलियन्स, व्हायटॅलिटी, एनर्जी. यातल्या पहिल्या दोन अंगमेहनतीच्या माराच्या आणि बचावाच्या, पुढच्या दोन ऊर्जेच्या माराच्या आणि बचावाच्या. व्हायटॅलिटी म्हणजे जीव, एनर्जी म्हणजे खास शक्ती वापरायचं इंधन.

माझं मत स्पष्ट आहे. तीन हिरो कामानुसार घ्या आणि चौथा बोनस जुळवायला. सगळी टीम बोनससाठी जुळवली की एखाद्याच्या हातात असा हिरो येतो जो त्याला चालवताच येत नाही, आणि मिळालेला बोनस तिथेच वाया जातो. एका हिरोचे दोन-तीन गट असतात. टीमच्या पडद्यावर हिरो बदलून बघा, बोनसच्या खुणा बदलताना दिसतात. हे पाच मिनिटांचं काम आहे. अर्धा तास घालवू नका, मुलं कंटाळतात.

टप्पा ५: शील्ड पॉइंटवर काय करायचं

वाटेत ठरावीक ठिकाणी शील्ड पॉइंट लागतात. तिथे जीव भरतो, पडलेले हिरो उभे राहतात, टीम बदलता येते, सेव्ह करता येतं. घाईत लोक तिथे नुसते पाय लावून पुढे पळतात. आम्ही प्रत्येक पॉइंटवर दोन मिनिटं थांबतो आणि ठरलेल्या क्रमाने जातो.

आधी सेव्ह. मग नवीन गोळे मिळाले असतील तर शक्ती वाढवणं. मग आयएसओ-८ नावाचे स्फटिक जडवणं. टीम बदलायची की नाही हे शेवटी. काही जण सेव्ह शेवटी करतात, आणि मधेच कोणीतरी ‘चला चला’ करतं आणि ते राहून जातं. म्हणून सेव्ह आधी. पुढचे बदल केल्यावर वाटलं तर पुन्हा करा, काही बिघडत नाही.

सावधान: एका कन्सोलवर खेळताना सगळी प्रगती एकाच सेव्हमध्ये जाते. मुलांनी आठवडाभर एकट्याने खेळून पुढचे भाग संपवले, तर रविवारी बाकीच्यांना मधली गोष्टच कळत नाही. रविवारच्या खेळासाठी वेगळी सेव्ह ठेवा आणि तिला हात लावायचा नाही हे ठरवा.

टप्पा ६: बॉसच्या लढाईचा क्रम

इथे सावकाश वाचा. मला लिहायचं होतं ते मुख्यतः हेच.

बॉसच्या जिवाच्या पट्टीजवळ एक जांभळी पट्टी दिसते. ती स्टॅगरची पट्टी. ती शाबूत असते तोवर तुमचा मार बॉसला जेमतेम लागतो. ती फुटली की बॉस काही क्षण गुंगीत जातो आणि तेव्हा मारलेलं पूर्ण लागतं. थोड्या वेळाने पट्टी पुन्हा भरते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे लढाईचे दोन भाग आहेत: जांभळी फोडणं, आणि फुटल्यावर जीव काढणं. ज्या घरी हरतात त्या घरी हे दोन भाग कोणी वेगळे केलेलेच नसतात. सगळे सतत सगळं मारत राहतात.

पहिला भाग: जांभळी फोडा. साध्या हलक्या ठोशांनी ती हळू उतरते. जड हल्ले आणि सिनर्जी यांनी लवकर. सिनर्जी म्हणजे दोन हिरोंच्या खास शक्ती एकमेकींत मिसळणं. प्रत्येक शक्तीपुढे तिच्या प्रकाराची खूण असते. जुळणाऱ्या खुणांच्या शक्ती एकमेकांजवळ उभं राहून एका वेळी वापरल्या की त्या जुळतात. इथे दोन चुका होतात. एक, दोघं पडद्याच्या दोन टोकांना असतात. दुसरी, दोघांपैकी एकाचं इंधन आधीच संपलेलं असतं, कारण त्याने छोट्या शत्रूंवरच खास शक्ती उधळल्या. बॉस समोर आला की छोट्या शत्रूंना साध्या ठोशांनीच मारायचं, हा नियमच करा.

सिनर्जीच्या जोड्या आधी ठरवा: आमच्यात मी आणि भाचा, ताई आणि मावसभाऊ. माझी शक्ती तयार असली की मी ‘ये!’ म्हणतो, तो जवळ येतो. तिसऱ्या कोणी मधे शिरायचं नाही. चौघं चौघांशी जुळवायला गेले की कोणाचंच जुळत नाही.

दुसरा भाग: फुटल्यावर. इथे एक्स्ट्रीम वापरायचं. प्रत्येक हिरोची एक्स्ट्रीमची पट्टी लढता लढता भरते. एकाने सुरू केलं की ज्यांची भरलेली असेल त्या बाकीच्यांना सामील व्हायची क्षणभर संधी मिळते, आणि चौघांचं एकत्र पडलं तर त्याची ताकद वेगळीच असते. मोह असा होतो की आपली भरली की लगेच दाबावं. दाबू नका. चौघांची भरेपर्यंत थांबा, आणि जांभळी फुटेपर्यंतही थांबा.

अॅव्हेंजर्स टॉवरमध्ये अल्ट्रॉन समोर आला तेव्हा आम्ही पहिल्या खेपेला चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी एक्स्ट्रीम फोडलं. पडदा नुसता प्रकाशाने भरला आणि पट्टी तसूभरही हलल्यासारखी वाटली नाही. भाचा कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाला, “मामा, हा मरतच नाही.” दुसऱ्या खेपेला ताईने एकच गोष्ट सांगितली: “कोणी दाबायचं नाही. मी मोजते.” जांभळी उतरत गेली. मावसभावाची एक्स्ट्रीमची पट्टी केव्हाचीच भरलेली, तो अक्षरशः अंगठा वर धरून बसला होता. जांभळी फुटली, भाचा ओरडला “फुटली!”, आणि ताईने मोजलं, “एक, दोन, साडेमाडे तीन!” चौघांचं एकदम. त्या एका फटक्याने पट्टी जेवढी खाली आली तेवढी आधीच्या अख्ख्या खेपेत आली नव्हती. त्या दिवसापासून आमच्याकडे ताईच मोजते.

तुम्हीही हाकांचे शब्द ठरवून घ्या, चारच पुरेत. सिनर्जीला बोलवायला ‘ये’. पडल्यावर ‘पडलो’. पट्टी फुटली की ‘फुटली’. आणि एक्स्ट्रीमची मोजणी एकाच माणसाची. बाकी आरडाओरडा कितीही करा, पण हे चार शब्द दुसऱ्या कशासाठी वापरायचे नाहीत.

सावधान: पडदा एकच आहे, प्रत्येकाला वेगळा तुकडा मिळत नाही. कोणी लांब भटकलं की कॅमेरा मागे जातो, सगळे मुंगीएवढे दिसतात, आणि बॉसचा फटका येताना कोणालाच कळत नाही. लांबून मारणाऱ्यानेही पडद्याच्या आत, टीमच्या आसपास राहायचं.

तपासा: बॉसची वेळ येण्याआधी एका साध्या टोळीवर हा पूर्ण क्रम एकदा करून बघा. ‘ये’, जोडी, मोजणी. जमलं नाही तर तिथेच पुन्हा. आमचे पहिले दोन रविवार यातच गेले आणि ते वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

टप्पा ७: मिळालेलं कुठे खर्च करायचं

खेळात चार प्रकारचं धन हाती येतं आणि लोक ते चारही चुकीच्या ठिकाणी घालवतात.

अनुभवाचे क्यूब मिळतात, ते वापरले की हिरोची लेव्हल चढते. ते आवडत्या हिरोवर ओतू नका. खेळणाऱ्या चौघांची लेव्हल लढून चढतच असते. बाकावर बसलेल्यांची चढत नाही. म्हणून क्यूब राखून ठेवा, आणि एखादा मागे पडलेला हिरो टीममध्ये घ्यायचाच असेल तेव्हा त्याच्यासाठी वापरा. मूळ गेममध्ये छत्तीस हिरो आहेत. दर भागात नवे चार घेतले की एक ना धड भाराभर चिंध्या. सहा किंवा सात हिरो ठरवा आणि शेवटपर्यंत त्यांनाच वाढवा. आमच्या वादात मुलांचा हिरो त्या सातात हवाच, हे आधीच मान्य केलं की पुढची भांडणं टळतात.

शक्ती वाढवायचे गोळे प्रत्येक हिरोच्या चारही शक्तींवर थोडे थोडे वाटू नका. सिनर्जीत जी शक्ती वापरता ती आधी.

आयएसओ-८ हे रंगीत स्फटिक हिरोच्या अंगी जडवायचे असतात. अडवणाऱ्याला ड्युरेबिलिटी आणि व्हायटॅलिटीचे. हाताने मारणाऱ्याला स्ट्रेंग्थचे, ऊर्जा फेकणाऱ्याला मास्टरीचे. स्कार्लेट विचला स्ट्रेंग्थचा स्फटिक जडवलेला मी बघितलाय, नुसता चमकदार होता म्हणून. हलके स्फटिक साठवून ठेवू नका, ते मोडले की चांगले वाढवायला सामान मिळतं.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लॅबमधलं अलायन्स एन्हान्समेंट, षटकोनी घरांची जाळी. इथे घातलेलं धन एका हिरोला न जाता सगळ्यांनाच लागू होतं. टीम बदलली तरी वाया जात नाही. कथेत थोडं पुढे गेल्यावर हे उघडतं, पण पडदा किचकट दिसतो म्हणून लोक तिथून परत फिरतात. घरच्यांची मिश्र टीम असेल तर माझा सल्ला, व्हायटॅलिटी वाढवणारी घरं आधी घ्या. चुका माफ होतात, आणि नवशिक्या टीमला तेच हवं असतं.

टप्पा ८: अडकलात की रिफ्टकडे

बॉस तीनदा हरवतोय? चौथ्यांदा तसंच भिडू नका. इन्फिनिटी रिफ्ट ही छोटी आव्हानं आहेत. काहींत वेळेची मर्यादा असते, काहींत आधीच्या खलनायकाशी पुन्हा सामना. प्रत्येकी तीन ताऱ्यांपर्यंत, आणि बक्षिसात क्यूब, गोळे वगैरे. मॅग्नेटो, लोकी, एलेक्ट्रा, थॅनोस हे हिरो म्हणून इथूनच मिळतात. तीन तारे मिळवायच्या हट्टाला पेटू नका. एक तारा घ्या, पुढे जा. दोन-तीन रिफ्ट झाले की लेव्हल चढते आणि तोच बॉस आवाक्यात येतो.

सुरुवातीला फ्रेंडली आणि मायटी या दोनच अडचणीच्या पातळ्या मिळतात. मुलं किंवा नवखे असतील तर फ्रेंडली घ्या, यात कमीपणा काहीच नाही. सुपीरियर ही पातळी गोष्ट एकदा संपवल्यावर उघडते.

टप्पा ९: वेगवेगळे कन्सोल असतील तर

मावसभाऊ कधी कधी आपला स्विच पिशवीत घालून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येतो. असे दोन कन्सोल जवळ आणून लोकल वायरलेसने खेळता येतं आणि प्रत्येकाला आपला पडदा मिळतो. पण प्रत्येक कन्सोलवर गेमची स्वतंत्र प्रत हवी, आणि दोन्हीकडे गेमची आवृत्ती एकच हवी. हे दुसरं लोक विसरतात. खारघर सोडायच्या आधी घरच्या वायफायवर गेम अपडेट करून घ्या. घणसोलीपर्यंत आल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट उतरवत बसलेला माणूस मी पाहिलाय, ठाणे आलं तरी निम्मंच झालं होतं.

घरोघरी बसून ऑनलाइन खेळायचं तर निंटेंडो स्विच ऑनलाइनची वर्गणी प्रत्येकाकडे हवी. आणि बोलायला फोनवर वेगळा ग्रुप कॉल लावा. टप्पा ६ मधले चार शब्द ऐकू गेले नाहीत तर ऑनलाइन खेळात काहीच उरत नाही.

टप्पा १०: उठताना

शेवटची लढाई अर्धवट टाकून उठू नका. शेवटच्या गाडीची वेळ बघून त्याच्या पाऊण तास आधी ‘पुढचा शील्ड पॉइंट आला की बंद’ असं जाहीर करा. पॉइंटवर सेव्ह करा. मग गेममधून बाहेर पडा, नुसतं कन्सोल झोपवून ठेवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलं तिथूनच पुढे जातील.

चारही जॉय-कॉनच्या पट्ट्या काढा, ओलसर नसलेल्या मऊ कापडाने स्टिकभोवती पुसा. एक जोडी लगेच कन्सोलला लावा, आणि दुसऱ्या जोडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: ‘चार्ज बाकी’.

एका कागदावर तीन गोष्टी लिहून डॉकखाली ठेवा: कोणाचं कुठलं काम, सिनर्जीच्या जोड्या, आणि ठरवलेले सात हिरो. आमच्या कागदावर भाच्याच्या अक्षरात सगळ्यांत खाली लिहिलंय, ‘मोजणी आई करणार’.